डोपामाइनची एकादशी, सोमवारी दुप्पट खाशी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अलीकडे रविवारच्या पुरवण्यांपासून शाळांच्या पालकसभांपर्यंत सगळीकडे ‘डोपामाइन उपवास’ नावाचा सल्ला फिरतो आहे. डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारे एक रसायन. शनिवारी सकाळी मोबाइल कपाटात ठेवायचा, गोडधोड, चहा, तंबाखू, टीव्ही सगळे एकदम बंद करायचे, की म्हणे रविवारी रात्रीपर्यंत मेंदू धुऊन निघतो आणि सोमवारी माणूस ताजातवाना कामाला लागतो. आम्ही व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन आणि शुश्रूषा करणारी मंडळी आहोत. मोबाइलपुरता हा सल्ला फारसा बिघाड करत नाही, फक्त उपयोगी पडत नाही. तंबाखूच्या बाबतीत तो नेमका नको त्या तासाला संपतो. आणि रोज दारू पिणाऱ्या माणसाने तो घरच्या घरी पाळला, तर जिवावर बेतू शकते. म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी नावाबद्दल. हा शब्द २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संगणक-उद्योगाच्या वर्तुळात कॅमेरॉन सेपा या मानसशास्त्रज्ञामुळे गाजला. त्यांना अभिप्रेत होते ते ठरावीक सवयींना ठरावीक वेळ आवर घालणे, म्हणजे जुनीच वर्तनोपचाराची पद्धत. डोपामाइन खरोखर कमी करायचे असे त्यांनीही म्हटले नव्हते. ते खरोखर कमी झाले की काय होते, हे १९५७ पासून माहीत आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांनी सशांना मेंदूतले डोपामाइन संपवणारे रेसर्पिन दिले. हे औषध आपल्याकडच्या सर्पगंधेतून मिळते. ससे लुळे होऊन निपचित पडले. शरीरात ज्याचे डोपामाइन बनते ते एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागले. या वाटेवरच्या कामासाठी कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. कंपवाताच्या रुग्णाचे हात थरथरतात, पाऊल उचलत नाही, ते मेंदूतल्या एका भागातले डोपामाइन घटल्यामुळे. ज्याला खरा डोपामाइन उपवास म्हणावा, तो हा.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. कंपवातासाठी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल ही डोपामाइनसारखे काम करणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांना, आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेल्यांनासुद्धा, जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते आणि मात्रा कमी केली की ती ओसरते. घरात असा रुग्ण असेल आणि बँकेच्या खात्यातून विचित्र रकमा जाऊ लागल्या असतील, तर त्याला बोल लावण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा. औषध मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका.

डोपामाइनचा संबंध सुखापेक्षा ओढीशी जास्त आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की फळाचा रस अनपेक्षित मिळाला तेव्हा मेंदूतल्या डोपामाइन स्रवणाऱ्या पेशी उसळल्या. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रसाला नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तेव्हा नेहमीच्या पातळीच्या खाली गेल्या. तंबाखूची पुडी दिसणे, नोटिफिकेशनचा टिंग, संध्याकाळी बारच्या पाटीवरचा उजेड हे सगळे त्या दिव्याच्या जागी आहेत. पुढचा रील चांगला निघेल की रटाळ हे आधी कळत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. प्रत्येक रील उत्तम असता, तर कंटाळा लवकर आला असता.

सुखाच्या मागून दुःख का येते, याची सर्वांत उपयोगी मांडणी रिचर्ड सॉलोमन आणि जॉन कॉर्बिट या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये केली. सुखाची प्रत्येक लाट आली की शरीर तिच्या उलट दिशेची एक प्रक्रिया सुरू करते. पहिली झटपट चढते आणि झटपट उतरते. दुसरी सावकाश जागी होते आणि रेंगाळते. खरी गोम पुढे आहे. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा केली की पहिली लाट बोथट होत जाते आणि दुसरी दर खेपेला अधिक लवकर, अधिक जोरात, अधिक काळ येते. शेवटी माणूस सुखासाठी काही घेत नाही, बेचैनी मिटवण्यासाठी घेतो.

मिश्री किंवा तंबाखूत हे डोळ्यांनी दिसते. निकोटिनचे रक्तातले प्रमाण साधारण दोन तासांत निम्मे होते. रात्रीच्या आठ तासांत ते चार वेळा निम्मे होऊन सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून उठल्याबरोबरची पहिली चिमूट ‘सगळ्यांत गोड’ लागते. तो गोडवा तंबाखूचा नसतो. रात्रभर वाढलेली कुरकुर पाच मिनिटांत थांबते, तिचा असतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली चिमूट लागत असेल तर अवलंबित्व चांगलेच पक्के आहे, असे समजावे. पाच मिनिटांच्या आत लागत असेल, तर आणखी पक्के.

आता शनिवार-रविवारचा हिशेब करा. तंबाखू सोडल्यावर चिडचिड, झोपमोड, भूक, चित्त न लागणे हे पहिल्या दिवसातच सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जाते. शनिवारी सकाळी सोडणाऱ्याचा तिसरा दिवस सोमवार. म्हणजे उपवास सोडायचा मुहूर्त आणि बेचैनीचे शिखर एकाच सकाळी. त्या सकाळी घेतलेली चिमूट आयुष्यातली सर्वांत समाधानाची वाटते आणि मेंदू धडा शिकतो तो नेमका उलटा: हिच्याशिवाय आपले चालत नाही. एकादशी, दुप्पट खाशी. दर आठवड्याला असा उपवास करणारा माणूस दर आठवड्याला सर्वांत कठीण तास सोसतो आणि त्यानंतरच्या उताराला कधीच पोहोचत नाही.

मग किती दिवस? आमचे उत्तर आहे चार आठवडे, आणि त्याला आधार आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत ब्राऊन आणि शुकिट यांनी दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या १९१ पुरुषांची उदासीनता मोजली. दाखल होताना ४२ टक्के जण उपचार करावेत इतके उदास होते. दारू बंद ठेवून चार आठवड्यांनी असे ६ टक्केच उरले. बहुतेकांची उदासी दारूनेच आणलेली होती. दुसऱ्या आठवड्यात ‘सोडूनही काही बरे वाटत नाही’ म्हणणाऱ्याला हे आकडे सांगावेत. पहिले दहा ते चौदा दिवस आधीपेक्षा वाईट जातात, हे न सांगता कोणालाही काहीही सोडायला लावणे म्हणजे त्याला फसवणे आहे. चार आठवडे ही किमान मुदत समजावी. कोकेनच्या रुग्णांत संशोधक नोरा व्होल्काव यांच्या चमूला डोपामाइनच्या एका ग्राहीची, म्हणजे पेशीवर डोपामाइन झेलणाऱ्या जागेची, कमतरता सोडल्यावर तीन-चार महिन्यांनीही दिसली होती.

आता दारू कोणी घरच्या घरी एकदम सोडायची नाही, ते. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि एक पेग घेतल्यावर थांबतात, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते, रोजची दारू कित्येक महिन्यांत एक दिवसही चुकलेली नाही: यातले एक जरी लागू असेल तरी घरी प्रयोग करू नये. शेवटच्या प्याल्यानंतर सहा-बारा तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. साधारण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस वेळकाळ विसरतो. ही तातडीची अवस्था आहे. याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम देऊन त्याची मात्रा पाच-सात दिवसांत उतरवत नेतात. तिथे नातेवाइकांनी एक प्रश्न जरूर विचारावा: थायमिनचे इंजेक्शन दिले का? वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, खडखडाट असतो. थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ हा आग्रह अशा वेळी घातक ठरतो.

झोपेच्या गोळ्यांचेही तसेच. अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम काही महिने रोज घेणाऱ्याने त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने कमी करायच्या असतात. ब्राऊन शुगर किंवा तत्सम अफूजन्य पदार्थांत धोका दुसऱ्या टोकाला असतो. काही आठवडे बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबतो.

हे वगळून उरतात तंबाखू, गुटखा, मोबाइल, खरेदी, गोड. त्यांच्यासाठी पद्धत अशी.

पहिला आठवडा काहीही सोडू नका, नुसते मोजा. तंबाखूच्या पुड्या, मिश्रीच्या खेपा, मोबाइलचे तास. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये कोणत्या अ‍ॅपवर किती वेळ गेला आणि फोन दिवसातून किती वेळा उघडला, दोन्ही दिसते. दुसरा आकडा जास्त बोलका असतो. सोबत एक ओळ लिहा: कधी, कुठे, कशानंतर. सात दिवसांत आपापले दिवे सापडतात. जेवणानंतर, भांडणानंतर, एसटीची वाट पाहताना, संडासात.

मग एकच गोष्ट निवडा. सगळे एकदम सोडण्याचा उत्साह तिसऱ्या दिवशी सगळ्यांसकट कोसळतो. तारीख ठरवताना लग्नसराई, गावची जत्रा, गणपतीची सुट्टी, पगाराचा आठवडा टाळा. तारखेच्या आदल्या रात्री घरातला साठा काढून टाका. शर्टाच्या खिशातली, दुचाकीच्या डिकीतली, देव्हाऱ्यामागची पुडीसुद्धा. ‘पाहुण्यांसाठी’ ठेवलेली पुडी पाहुण्याच्या वाट्याला येत नाही. इथे एक बारीक मुद्दा आहे. २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की कोकेन बंद झाल्यावर त्याची आठवण देणाऱ्या खुणेने जागी होणारी ओढ पुढचे कित्येक आठवडे वाढत जाते. माणसाला आतून बरे वाटू लागते, म्हणून तो बेसावध होतो आणि मग टपरीसमोर थांबतो. दीड महिन्याने पुन्हा सुरू करणारे बहुतेक जण खुणेमुळे सुरू करतात, बेचैनीमुळे नव्हे. घरी जायचा रस्ता बदलणे हा म्हणूनच पोरकटपणा नाही.

तलफ आली की तिच्याशी वाद घालू नका. ती चढते, टिकते आणि साधारण अर्ध्या तासाच्या आत उतरते. घड्याळ लावून बसा. छातीत, जबड्यात, हातात ती नेमकी कुठे जाणवते ते पाहा. या काळात हातांना काम असले तर बरे: भाजी निवडणे, भांडी घासणे, सायकल पुसणे. नुसते ‘मन दुसरीकडे वळवा’ म्हणून काही होत नाही.

तंबाखूला निकोटिनच्या च्युइंगमची जोड द्या आणि ते कसे खायचे ते शिकून घ्या, कारण इथे बहुतेकांचे चुकते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा, इतरांना २ मिलिग्रॅमचा तुकडा. सावकाश चावा; जिभेला मिरमिरल्यासारखे वाटले की थांबा आणि तो गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवा. मिरमिर गेली की पुन्हा चार-सहा वेळा चावा, मग दुसऱ्या गालात ठेवा. असे अर्धा तास. पहिले काही आठवडे तास-दोन तासांनी एक. आधी पंधरा मिनिटे आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नका. आम्लामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून नीट शोषले जात नाही. लोक काय करतात? साध्या गमसारखे भराभर चावतात, निकोटिन पोटात जाते, उचकी लागते, जळजळते आणि ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. तंबाखू खाणाऱ्यांची आणखी एक सवय असते, थुंकायची. गमचा रस थुंकला तर औषधच थुंकले. गुटख्यामुळे ज्यांचे तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडते, त्यांनी गमच्या भानगडीत न पडता आधी तोंडाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि निकोटिनच्या पट्टीबद्दल विचारावे. गरोदर बायका आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनीही हे आपल्या मनाने सुरू करू नये.

‘मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार बायका संकोचून सांगतात आणि डॉक्टर हसण्यावारी नेतात. ती खरी आहे. निकोटिन आतड्यांना चालना देते. ते बंद झाले की काहींना काही आठवडे बद्धकोष्ठ होते. तेवढ्या काळापुरते सकाळी कोमट पाणी, रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यासोबत, जेवणात भाकरी आणि पालेभाजी. ही अडचण आधी सांगितली नाही, तर चौथ्या दिवशी डबी पुन्हा उघडते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा जलद करत असते. धूर बंद झाला की तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट होते आणि त्याची धडधड, झोपमोड तंबाखू सोडल्याच्या खात्यावर लिहिली जाते. पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळांचे, म्हणजे गेमिंगचे व्यसन आहे, रील्सचे नाही. तेव्हा प्रत्येक पोराला ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणू नये. गेमिंगच्या निदानालाही साधारण बारा महिने चाललेला आणि अभ्यास, काम, नाती बिघडवणारा प्रकार लागतो. पण वेळ जातो हे खरे असेल, तर अ‍ॅप काढून टाकून थांबू नका. माणूस तेच ब्राउझरमधून उघडतो. आधी खात्यातून बाहेर पडा, पासवर्ड घरातल्या दुसऱ्याला बदलायला सांगा, मग अ‍ॅप काढा. यूट्यूब कामासाठी लागत असेल, तर त्यातला पाहण्याचा इतिहास पुसून बंद करा. पहिल्या पानावरच्या शिफारशी नाहीशा होतात आणि जे शोधाल तेवढेच मिळते. पडदा कृष्णधवल करा. शंभर-दीडशे रुपयांचे गजराचे घड्याळ आणा आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. ‘गजरासाठी लागतो’ या सबबीवर फोन उशाशी येतो आणि मग तो गजर रात्री एक वाजेपर्यंत वाजत राहतो. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ केंद्राने २०२५ च्या कायद्याने बंद केले, तरी परदेशातल्या सट्ट्याच्या अ‍ॅपकडे जाणारी वाट बुजलेली नाही. घरात असा कोणी असेल, तर त्याच्या यूपीआयची रोजची मर्यादा उतरवणे उपदेशापेक्षा कामाचे.

सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती बदलीच्या मालावर. गुटखा सोडून सुपारी सुरू होते. सुपारीतल्या अरेकोलिन या द्रव्याची स्वतःची सवय लागते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. दारू सोडून झोपेच्या गोळ्या, रील्स सोडून खरेदीची अ‍ॅप, तंबाखू सोडून दर तासाला पेढा. जी गोष्ट पटकन मिळते, पटकन चढते आणि पटकन उतरते, ती बदली म्हणून चालत नाही.

बदली चालते ती उलट दिशेने येणाऱ्या गोष्टींची: आधी थोडे कष्ट, मग सावकाश चढणारे आणि रेंगाळणारे बरेपण. दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने तीस मिनिटे चालणे, चढ चढणे, पोहणे, कुदळ मारणे. थंड पाण्याचे सध्या मोठे प्रस्थ आहे. त्याला आधार आहे तो मुख्यतः २००० साली छापल्या गेलेल्या एका अभ्यासाचा. १४ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर बसवलेल्या तरुण पुरुषांच्या रक्तातले डोपामाइन अडीचशे टक्क्यांनी आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे ताणाच्या वेळी रक्तदाब चढवणारे रसायन, ५३० टक्क्यांनी वाढले होते. हे मोजमाप रक्तातले आहे, मेंदूतले नाही. आणि ज्यांचा रक्तदाब चढा आहे किंवा हृदय दुखणाईत आहे, त्यांनी नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा आकडा पुन्हा एकदा वाचावा. हौस असेल तर अंघोळीच्या शेवटी अर्धा मिनिट नळाचे पाणी पुरे. कष्टाचीही चटक लागते. गुडघा सुजला असताना धावणारा माणूस संतुलन साधत नसतो.

इथे आमचा एक आक्षेप आहे. ‘अस्वस्थता ओढवून घ्या’ हा सल्ला वातानुकूलित खोलीत दिवस काढणाऱ्यांसाठी ठीक आहे. महाराष्ट्रातले तंबाखू खाणारे बहुतांश लोक तसे नाहीत. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. दिवाळीच्या आसपास बीडकडून निघणारी ऊसतोड कामगार बाई पहाटेच्या अंधारात फडात उतरते, मोळ्या डोक्यावर वाहते, पालावर परत येऊन स्वयंपाक करते. तिची मिश्री ही अतिउपभोगाची खूण नव्हे. ती भूक मारते, थकवा बोथट करते, आणि तिच्या हातात तेवढेच एक औषध आहे. तिच्या वाट्याला दुःख कमी नाही की वरून बर्फाचे पाणी सांगावे. तिला सोडायला लावायचे तर पहाटे फडात जाण्याआधी पोटात काहीतरी, दुपारची तासभर विश्रांती, दातदुखीवर इलाज आणि रक्तक्षयाच्या गोळ्या या गोष्टी आधी. हे न करता मुकादमाच्या टोळीपुढे डोपामाइनवर व्याख्यान देणाऱ्यांनी ते न दिलेले बरे.

आणि एकट्याच्या निग्रहावर फार भिस्त ठेवू नये. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावसभेत ठरवले की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की घराघरातला टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठच्या भोंग्याला पुन्हा सुरू. दीड तासाने कोणाचे व्यसन सुटत नाही. पण यात दोन गोष्टी हुशारीच्या आहेत. सगळ्यांचे एकाच वेळी बंद असल्यामुळे ‘मी काही मुकतोय’ ही रुखरुख उरत नाही. आणि बंद कधी करायचे हा निर्णय रोज संध्याकाळी थकलेल्या माणसाला नव्याने घ्यावा लागत नाही, भोंगा घेतो. चाळीत, सोसायटीत, वसतिगृहात हे सहज करता येईल. फक्त पहिल्या काही आठवड्यांत कोणीतरी दारोदार जाऊन आठवण करायला हवी, नाहीतर भोंगा नुसता वाजत राहतो.

चार आठवड्यांनंतर दोन वाटा असतात. तंबाखू आणि दारूवर अवलंबून असलेल्यांनी परत जायचेच नाही. मोबाइल, गोड, खरेदी पूर्ण सोडता येत नाही. तिथे परतीचे नियम पाचव्या आठवड्याआधी कागदावर लिहा. ‘कमी करीन’ हा नियम नव्हे. ‘रात्री आठ ते साडेआठ, खुर्चीत बसून, अंथरुणात नाही’ हा नियम. ‘गोड फक्त सणाला आणि कोणाच्या घरी गेल्यावर, स्वतःच्या घरी डबा नाही’ हा नियम. दोन आठवडे सलग मोडला, तर तो नियम तुमच्यासाठी नाही. पुन्हा चार आठवडे बंद. मध्येच एखादी चिमूट घेतली गेली, तर त्याच दिवशी ज्याला सांगायचे ठरवले आहे त्याला सांगा आणि पुढच्या तासापासून पुन्हा सुरू करा. ‘एवीतेवी मोडलाच आहे, आता सोमवारपासून’ असे म्हणून मधले चार दिवस घेतलेला माल त्या एका चिमटीच्या कित्येक पट असतो.

मदत फुकट मिळते. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलते. तंबाखूसाठीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक तर पुडीवरच छापलेला असतो.

आता आपल्याकडे एक मागणी, संपादक महोदय. मराठी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘पेशंटला न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्या सर्रास दिसतात. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असेल आणि ते न कळत जेवणातून दिलेला माणूस दारू प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय किंवा यकृत आधीच दुबळे असेल तर जीव जातो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, रक्ताच्या तपासण्या करूनच द्यायचे असते. रविवारी पहिल्या पानावर वेलचीच्या नावाखाली पान मसाल्याची जाहिरात आणि आतल्या पानावर डोपामाइनचा उपवास, या जोडीबद्दल आम्ही इथे वेगळे लिहीत नाही. त्या पैशाचा मामला मोठा असेल. पण दोन ओळींच्या त्या पुड्यांच्या जाहिरातींनी कोणत्याही वृत्तपत्राचे घर चालत नसावे. निदान त्या येत्या सोमवारपासून घेऊ नयेत.

आपले,
व्यसनमुक्ती क्षेत्रातील काही समुपदेशक व परिचारिका
सातारा